पार्किंगची पावती फाडू नका

प्रश्न : गेल्या महिन्यात आईला बंगळूरच्या गाडीत बसवायला मी बेळगाव स्टेशनवर गेले होते. स्कूटर आवारातल्या पैसे देऊन लावायच्या स्टँडमध्ये लावली, पावती घेतली. चन्नम्मा एक्सप्रेस सुटल्यावर स्कूटर काढून घरी आले. आठवड्याभराने मोबाइलवर मेसेज आला, की माझी गाडी स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर नो पार्किंगमध्ये होती, दंड भरा. चलान सगळे कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येते, पण कायद्याचे वाचून समजत नाही. घरचे म्हणतात, "एवढ्याशा पैशासाठी कोर्टाची पायरी कशाला? भरून मोकळी हो." पण माझी चूकच नाही. काय करू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आज तरी भरू नका. मी ३१ वर्षे कोर्टात कारकुनी केली. "साहेब, चूक नाही माझी, पण कटकट नको, भरतो" म्हणत खिडकीशी आलेली किती माणसे पाहिली! त्यांचे तेव्हाही वाईट वाटायचे, कारण भरून मोकळे होता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली दंड भरून प्रकरण मिटते खरे, पण २०१९ च्या दुरुस्तीपासून असा मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी आधीचा गुन्हा म्हणून मोजला जातो. चलानावर कलम १७७ असेल तर पहिल्या वेळी दंड ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर १,५०० पर्यंत. न केलेली चूक आज कबूल केलीत, तर उद्या खरोखर चुकाल तेव्हा ती तुमच्याविरुद्ध उभी राहील.

आधी तो मेसेज खरा आहे का ते बघा. चलानाच्या नावाखाली खोट्या लिंका येतात, फोनमध्ये ॲप उतरवायला सांगतात आणि बँकेचे खाते रिकामे करतात. मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका. परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जा, तिथे गाडीचा नंबर घाला. चलान तिथे दिसले तरच पुढचे.

मग फोटो उघडा, मोठा करून बघा. ती स्कूटर तुमचीच आहे का? रंग, आरसा, मागचा खरचटा बघा. केए-२२ च्या पुढे एखादे अक्षर किंवा आकडा चुकीचा वाचला गेला की दुसऱ्याचा दंड तुमच्या दारात येतो. आपल्या भागात हौसेने देवनागरी किंवा कन्नड आकड्यांच्या प्लेटा लावतात, त्याने हा घोळ वाढतो. नियमाने प्लेटवर इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी आकडेच हवेत, हे घरातल्या पोरांनाही सांगा. फोटोत तारीख, वेळ आणि ठिकाण आहे का तेही पाहा. कॅमेऱ्याच्या चलानांना पुराव्यात हे तिन्ही असले पाहिजेत, असा नियम केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये केला.

आता मुख्य गोष्ट. गाडी कुणाच्या जमिनीवर उभी होती? स्टेशनचे आवार रेल्वेचे. बाहेरचा रस्ता शहराचा. थोडे पुढे कॅम्पाकडे वळलात की कॅन्टोन्मेंटची हद्द. आवारातल्या स्टँडचा कारभार रेल्वेचा ठेकेदार बघतो, रस्त्यावरचा वाहतूक पोलीस. तुमच्या पावतीवर तारीख असेल, बहुतेक वेळही असेल. ती वेळ आणि चलानाची वेळ शेजारी शेजारी ठेवा. त्या क्षणी स्कूटर स्टँडमध्ये होती एवढे दिसले, की बाहेरच्या रस्त्याचे चलान टिकत नाही. पावती अजून पर्समध्ये असेल तर आजच तिचा फोटो काढा. तो कागद महिन्या-दोन महिन्यांत पुसट होतो.

पण ताई, एक मनाशी नीट आठवा. पावती घेण्याआधी किंवा स्कूटर काढल्यावर सामानासाठी पाच मिनिटे रस्त्याकडेला थांबला होतात का? थांबला असाल आणि चलानाची वेळ तीच असेल, तर भांडू नका. चलानावर कलम १२२ असेल तर "तिथे फलक नव्हता" हे उत्तरही पुरत नाही, कारण ते कलम रस्ता अडवण्याबद्दल आहे. फलक असो वा नसो.

थांबला नसाल, तर अर्ज करा, आणि मराठीत करा. तक्रारीचा अर्ज राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. आपल्याकडे भाषेवरून माणसे आधीच दबून असतात, म्हणून मुद्दाम सांगतो. सोबत कन्नड प्रत मात्र जोडा, त्यात कमीपणा नाही. टेबलावरच्या माणसाला वाचता आले की कागद पुढे सरकतो. मजकूर इतकाच पुरे :

"चलान क्रमांक अमुक. नमूद वेळी माझे वाहन रेल्वेच्या सशुल्क स्टँडमध्ये होते. पावतीची प्रत जोडली आहे. फोटोची खात्री करून चलान रद्द करावे. रद्द होत नसल्यास कारण लेखी द्यावे."

शेवटचे वाक्य गाळू नका. अर्ज चलान काढणाऱ्या ठाण्यात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडू नका.

ऐकले नाहीच, तर प्रकरण कोर्टात लढवता येते, आणि वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. हे माहीत नसल्यामुळे दंड भरून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : आम्ही चंदगडचे. गाडी एमएच-०९. बेळगावात नो पार्किंगचे चलान झाले. दुसऱ्या राज्याचे आहे, सोडून दिले तर चालेल का?
— एक वाचक, चंदगड

उत्तर : नाही चालणार. दुसऱ्या राज्याचे असले, तरी गाडी विकायला काढाल तेव्हा ते चलान आडवे येते. चूक तुमची असेल तर भरून टाका. कर्नाटकाने थकलेल्या चलानांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये निम्मी सूट दिली होती, पण पुढच्या सवलतीची वाट बघत बसू नका. चूक तुमची नसेल, तर वरच्या ताईंना लिहिलेला अर्ज तुम्हालाही लागू आहे. फक्त पत्त्यात गावाचा पिनकोड आणि मोबाइल नंबर ठळक लिहा, म्हणजे उत्तर सीमेपलीकडे पोचेल.