ऐंशी फुटांत वीस ग्रीन जायंट? थांबा जरा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सेंट्रल न्यू जर्सीत पाव एकराचा प्लॉट, मागचं फेन्स ऐंशी फूट. पलीकडच्यांनी यंदा उंच डेक (घरामागचा लाकडी ओटा) बांधला आणि आता तुमच्या सिंकपाशी उभं राहिलं की त्यांची अख्खी पार्टी दिसते, आणि त्यांना तुम्ही दिसता. लँडस्केपर म्हणतोय, 'ग्रीन जायंट' थुजा (आडोशासाठी लावतात ते सदाहरित झाड) लावू, चार-चार फुटांवर, फेन्सपासून दोन फूट आत, एका दिवसात काम फत्ते. त्यापेक्षा थुजाचाच दुसरा वाण 'एमराल्ड ग्रीन' घ्यावा का, ही आपली मोरपंखीच का, आणि दारात कुंडीत दोन लावले तर जगतील का, असं तुम्ही विचारलंय.

मोरपंखीचं आधी उरकते. शाळेत आपण जी 'विद्या' म्हणून वहीत ठेवायचो तिला पूर्वी थुजा ओरिएंटॅलिस म्हणत, पण वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला थुजातून बाहेर काढून प्लॅटिक्लॅडस हा वेगळा वंश (जीनस) दिला. ओळखायला सोपं आहे. मोरपंखीची पानं पुस्तकाच्या पानांसारखी उभी असतात, इथल्या थुजाची बहुतेक आडवी पसरतात. आणि थुजाची डहाळी चुरगळली की अननसाच्या जवळपास जाणारा गोडसर वास येतो. तेव्हा अंगणातल्या मोरपंखीच्या आठवणीवर इथली खरेदी करू नका, दोघींचे स्वभाव वेगळे आहेत.

आता मुद्द्याचं. नर्सरीत लेबलवरची उंची सगळे वाचतात, रुंदी कोणी वाचत नाही. ग्रीन जायंट पूर्ण वाढला की पन्नास-साठ फूट उंच होतो आणि बारा ते वीस फूट रुंद. एकदा मुळं धरली की वर्षाला तीन फूट वाढतो, म्हणूनच तर लँडस्केपर लोकांचा लाडका. चार फुटांवर लावलेली रांग पहिली पाच-सहा वर्षं अशी देखणी दिसते की तुम्ही फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवाल. मग फांद्या एकमेकींत घुसतात, खालच्या फांद्यांना ऊन मिळेनासं होतं, त्या आतून वाळतात. आणि थुजाची गोम अशी की जुन्या, तपकिरी, पानं झडलेल्या फांदीला पुन्हा फुटवा येत नाही. कितीही खत घाला, येत नाही. म्हणजे तुम्हाला आडोसा हवा असतो डोळ्यांच्या पातळीला, आणि भोकं पडतात नेमकी तिथेच. शिवाय फेन्सपासून दोन फुटांवर लावलं तर जवळजवळ अर्धं झाड शेजाऱ्याच्या हद्दीत. तो ते उभं छाटणार, आणि मागून तुमच्या रांगेची पाठ कायमची उघडी.

एमराल्ड ग्रीन रुंदीच्या हिशोबात अगदी शहाणा. बारा-चौदा फूट उंच, तीन-चार फूट रुंद, कात्री जवळपास लागतच नाही. वाढ मात्र वर्षाला फूटभर, तीही नशीब असेल तर. गंमत म्हणजे हे दोन्ही वाण अमेरिकेत घडलेले नाहीत, दोन्ही डेन्मार्कहून आले. एमराल्डचं मूळ नाव 'स्मारॅग्ड', म्हणजे डॅनिशमध्ये पाचूच. 1950 च्या सुमारास तिथल्या एका नर्सरीने निवडून काढलेला. त्याची जात थुजा ऑक्सिडेंटॅलिस, इथली, ग्रेट लेक्स आणि कॅनडाकडची. ग्रीन जायंट हा संकर: आई-बापांपैकी एक जपानी थुजा, दुसरा पॅसिफिक किनाऱ्यावरचा वेस्टर्न रेड सीडार. तो 1967 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये आला. ही वंशावळ मी उगाच सांगत नाहीये, कारण हरणांना ती पाठ आहे.

थुजा ऑक्सिडेंटॅलिस हे इथल्या हरणांचं हिवाळी पक्वान्न आहे. रटगर्स विद्यापीठाची झाडांची यादी आहे, हरणं कशाला किती तोंड लावतात त्यानुसार केलेली. त्यात हा होस्टाच्या (हरणांच्या आवडीचं मोठ्या पानांचं बागेतलं झुडूप) पंगतीला बसलाय, सगळ्यात शेवटच्या, 'वारंवार आणि जबर नुकसान' या गटात. ग्रीन जायंटकडे त्यांचं सहसा लक्ष जात नाही. (फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, नर हरणं कोवळ्या खोडावर शिंगं घासतात, तो उपद्रव वेगळा. पहिली दोन-तीन वर्षं खोडाला जाळीची नळी गुंडाळा.)

मी हे पैसे भरून शिकले. आमच्या पहिल्या घरी बावीस एमराल्ड लावले होते. पहिला हिवाळा बरा गेला, कारण बर्फ कमी होता. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत दोन आठवडे बर्फ वितळलाच नाही. एका सकाळी चहा घेऊन खिडकीशी गेले तर बावीसच्या बावीस झाडं जमिनीपासून पाच फुटांपर्यंत सोललेली, वर हिरवा शेंडा तेवढा शिल्लक. रांगेने मांडलेले लॉलीपॉप. आणि ती रेघ सगळ्या झाडांवर इतकी सरळ, जणू कोणी दोरी धरून कापलंय: हरणाची मान पोचते तिथपर्यंत. 'कधीकधी दिसतात' असं तुम्ही हरणांबद्दल लिहिलंय. कधीकधी दिसतात म्हणजे रोज रात्री येतात. तुमचं चार फुटी फेन्स त्यांना पायरीसारखं आहे. त्यांना अडवायचं तर आठ फूट लागतं आणि तेवढं बांधायला टाउनशिप बहुधा देणार नाही. एमराल्ड लावायचेच असतील तर थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेर) आधी काळी जाळी गुंडाळायची आणि एप्रिलमध्ये काढायची, दरवर्षी, न चुकता. अंड्याच्या वासाचे फवारे चालतात, पण पाऊस-बर्फानंतर पुन्हा मारावे लागतात, आणि ऐन जानेवारीत गोठणबिंदूच्या वरचा दिवस शोधत बसावं लागतं.

म्हणजे पेच असा: जो रुंदीत बसतो तो हरणं खातात, जो हरणं सोडतात तो रुंदीत बसत नाही. यातून सुटायला वाण बदलण्याआधी तुम्ही ऐंशी फुटांचा नाद सोडा.

दुसऱ्या घरी मी एक उद्योग केला, तो तुम्हीही करा, फुकट आहे. दहा फुटी पीव्हीसी पाइप आणला, टोकाला लाल ओढणी बांधली आणि नवऱ्याला तो धरून फेन्सपाशी उभं केलं. मी सिंकपाशी, कानाला फोन. पलीकडे डेकवर माणूस उभा राहिला तर त्याचं डोकं जिथे येईल तिथे ओढणी येईपर्यंत त्याला डावीकडे-उजवीकडे, वर-खाली करत राहिले. पाइप कमी पडला, त्यावर झाडूचा दांडा बांधला. शेजारीण डेकवर येऊन बराच वेळ बघत होती, मग तिने हात केला. त्या अर्ध्या तासात दोन गोष्टी कळल्या. नजर अडवायला अख्खं फेन्स नको होतं, जेमतेम सव्वीस फूट पुरत होते. आणि फेन्सपाशी बारा फुटांचं झाड लागत होतं, तर तिथून तीस फूट घराकडे सरकल्यावर साडेनऊ फुटांतच काम होत होतं. आडोसा जितका तुमच्या खिडकीजवळ तितका तो बुटका चालतो. लँडस्केपर हे सांगत नाही, कारण त्याचं गणित फुटांवर चालतं.

तुमच्या वर्णनावरून मी काय करेन ते सांगते. डेकच्या समोरच्या पट्ट्यात फक्त तीन ग्रीन जायंट, एकमेकांत आठ फूट आणि फेन्सपासून आठ फूट आत. पंधरा फुटांवर पोचले की शेंडा मारत राहायचा आणि वर्षातून एकदा बाजू छाटायच्या, पण फक्त हिरव्यात, तपकिरीपर्यंत कधीच नाही. छाटताना तळ रुंद, माथा अरुंद ठेवायचा, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन पोचतं. त्यांच्या एका बाजूला दोन-तीन अमेरिकन हॉली. ही इथलीच, हरणं शक्यतो तिला तोंड लावत नाहीत. लाल फळं हवी असतील तर मादी झाडाच्या आसपास नर असावा लागतो. दुसऱ्या बाजूला एखाद-दुसरा ईस्टर्न रेड सीडार. मिसळ दिसते, हो, भिंत दिसत नाही. पण एकाच वाणाची वीस झाडं लावली आणि एकाला रोग आला तर वीसांना येतो, आणि मधलं एक मेलं तर त्या मापाचं दुसरं बाजारात मिळत नाही, तोंडातला दात पडल्यासारखं दिसत राहतं. एमराल्ड आवडलेच असतील तर पॅटिओच्या कडेला पाच लावा, तीन फुटांवर. पाचांना जाळी गुंडाळणं एका शनिवार सकाळचं काम आहे. ऐंशी फुटांत तीन-तीन फुटांवर सत्तावीस बसतात, त्या सत्तावीसांना गुंडाळून बघा म्हणजे कळेल.

लेलँड सायप्रस कोणी सुचवला तर नको म्हणा. वाढतो झपाट्याने, पण कँकरने (सालीला लागणारा बुरशीचा रोग) फांद्या वाळतात आणि ओल्या बर्फात उन्मळतो.

झाडं छोटी घ्या. आठ फुटी झाड उकरून गोणपाटात बांधतात तेव्हा त्याची बरीचशी मुळं शेतातच राहतात, मग ते दोन-तीन वर्षं रुसून बसतं. तीन फुटी कुंडीतला ग्रीन जायंट तेवढ्यात त्याला गाठतो. तरी मोठं घेतलंतच तर लावताना तिथे उभ्या राहा, हे कळकळीने सांगते. आमच्या ओळखीतल्या एकांच्या रांगेतलं झाड पाचव्या वर्षी विनाकारण सुकायला लागलं. मी बुंध्याशी बोटांनी माती उकरली तर तीन इंच खाली नायलॉनची नारिंगी दोरी, खोडात इतकी रुतलेली की वरून साल फुगून तिच्यावर आली होती. लावणाऱ्यांनी दोरी, गोणपाट, तारेची टोपली सगळं जसंच्या तसं खड्ड्यात उतरवलं होतं. दोरी कापायची, गोणपाट आणि तार निदान वरच्या अर्ध्या भागातून काढायची. खड्डा रुंद, मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट, पण खोली गड्ड्याइतकीच. खोड जिथे मुळांकडे फाकतं तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. मल्च (लाकडाच्या तुकड्यांचं आच्छादन) दोन-तीन इंच, खोडाला चिकटू न देता. खणण्याआधी 811 ला फोन करायचा, फुकट आहे, ते येऊन गॅस आणि केबलच्या खुणा करून जातात.

इथली लाल चिकण माती हा आणखी एक घातक प्रकार. फूटभर खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे थुजा लावू नका, किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. आणि उलट टोकाचं उदाहरण 2024 चं: त्या ऑक्टोबरात जर्सीत पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल, नोव्हेंबरात दुष्काळाचा इशारा निघाला. त्या सप्टेंबरात लावलेल्या कितीतरी रांगा वसंतात विटकरी झालेल्या दिसल्या. पहिली दोन वर्षं आठवड्याला इंचभर पाणी, जमीन गोठेपर्यंत. मात्र ऑक्टोबरमध्ये आतल्या बाजूची जुनी पानं पिवळी-तपकिरी होऊन गळली तर घाबरू नका, ती दरवर्षीचीच पानगळ. बाहेरची टोकं तपकिरी झाली तर काळजी करायची.

एक कीड ओळखून ठेवा: बॅगवर्म. फांदीला दीड-दोन इंचांची, थुजाच्याच पानांचे तुकडे चिकटवलेली छोटी पिशवी लोंबते. लोक तिला झाडाचं फळ समजतात, मीही समजले होते. हिवाळ्यात त्या एका पिशवीत पाचशे ते हजार अंडी असू शकतात. जूनमध्ये फुटतात आणि झाड बोडकं करतात. एकदा पूर्ण बोडका झालेला थुजा परत येत नाही. ऑक्टोबर ते मे कात्रीने पिशव्या कापून साबणाच्या पाण्यात टाकायच्या, खाली टाकल्या तर उपयोग नाही. फवारायचं असेल तर जूनमध्ये, अळ्या पाव इंचाच्या असताना बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) चालतं. ऑगस्टमध्ये फवारणं म्हणजे बाटलीचे पैसे वाया.

शोभेसाठी विचारलंत तर माझा जीव 'डीग्रूट्स स्पायर' वर आहे: अरुंद, पीळदार, कोपऱ्यात एखादा उभा केला की पुरतो. 'राइनगोल्ड' उन्हाळ्यात सोनेरी आणि थंडीत तांबूस होतो, बर्फात छान उठून दिसतो. 'हेट्झ मिजेट' आपसूक गोल राहतो. हे सगळे ऑक्सिडेंटॅलिसच, तेव्हा हरणांचा नियम तोच, घराच्या भिंतीजवळ ठेवा.

दारातल्या कुंड्यांचं: जगतील. कुंडीत मुळांना जमिनीची ऊब नसते, म्हणून आपल्या झोनपेक्षा (झोन म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेले पट्टे, आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त) दोन झोन थंडी जास्त सोसणारं झाड घ्यायचं असा साधा हिशोब आहे. आपण झोन 7, एमराल्ड झोन 3 पर्यंत टिकतो, म्हणजे त्यात बसतो. कुंडी वीस इंचांची तरी घ्या, मातीची नको, गोठून तडकते. आणि जानेवारीत एखादा दिवस चाळीस फॅरनहाइटच्या वर गेला, कुंडीतली माती सुटी झाली, की तांब्याभर पाणी घाला. थंडीत झाडाला पाणी कशाला म्हणून ते राहून जातं, आणि दोन कुंड्यांपैकी एक मार्चमध्ये वाळलेली निघते.