सोमवारच्या आधी तेवढं विचारून घे

भावा,

काल फोनवर सगळं सांगितलंस, सिग्मॉइडच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या खालच्या भागातल्या कॅन्सरचं ऑपरेशन, रिपोर्ट, सोमवारपासून केमो, आणि शेवटी आवाज बारीक करून म्हणालास, दादा ऑफिसात मी अपेंडिक्स म्हणून सांगितलंय. मला हसू आलं, कारण १४ वर्षांपूर्वी मी हर्निया सांगितलेलं.

मला ३३ व्या वर्षी निघाला. संडासला रक्त पडायचं, आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत बसलेला माणूस हे सांगणार तरी कुणाला? एका डॉक्टरांनी न तपासताच मूळव्याध म्हणून मलम दिलं आणि खरं सांगू, मला बरंच वाटलं, पँट काढायला लागली नाही. असे आठ महिने गेले. पुढं दुकानाचा जिना चढताना धाप लागायला लागली, हिमोग्लोबिन ७ निघालं, तेव्हा कुठं मिरजेला कोलोनोस्कोपी, म्हणजे खालनं दुर्बीण घालून आतड्याची तपासणी झाली. तू दोन महिन्यांत गेलास, माझ्यापेक्षा शहाणा.

रिपोर्टचा फोटो बघितला. १६ नोड, म्हणजे आतड्याजवळच्या लसिका गाठी तपासलेत, त्यातल्या २ मध्ये कॅन्सर आहे, म्हणजे तिसरी स्टेज. कमीत कमी १२ नोड तरी तपासावे लागतात, तुझे १६ झालेत म्हणजे ते काम नीट झालंय. तिसरी म्हणजे शेवटची नव्हे, मीपण तिसरीतलाच. आणि मी असं काय खाल्लं, मलाच का, हे आता डोक्यातनं काढ. अमेरिकेत २०२१ ला काही त्रास नसला तरी या कॅन्सरची तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आणलं, कारण तरुणांत हे वाढताना दिसत होतं, आणि कशामुळं वाढतंय ते तिथल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही अजून नीट सांगता येत नाही, मग तुझी गल्लीतली काकू मिसळ-पावभाजीवर ढकलून मोकळी होतीय तर होऊ दे.

आता मुद्द्याचं. केमोचा परिणाम पुढं मूल होण्यावर होऊ शकतो. म्हणून सोमवारच्या आधी स्पर्म बँकिंगबद्दल, म्हणजे वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचार, त्यासाठी केमो दोन-चार दिवस पुढं नेली तर चालेल का तेही विचार. मी नाही विचारलं. शेजारी अण्णा बसलेले, वडिलांसमोर असलं कसं बोलायचं म्हणून गप्प बसलो, डॉक्टरही घाईत होते. आम्ही नंतर मुलगी दत्तक घेतली, चौथीत आहे, घर डोक्यावर घेते, तिच्यामुळं काही कमी वाटत नाही. पण तो प्रश्न तोंडातच राहिला याची बोच वेगळीच असते. तुझ्या वडलांना चहा प्यायला बाहेर पाठव आणि विचार.

लग्न ठरलंय त्या मुलीला तूच सांग, तिच्या मामा-काकांच्या मीटिंगआधी.

दुसरं, तुझ्या गाठीची एमएमआर टेस्ट झालीय का ते बघ. एवढ्या कमी वयात झाला की ती करायचीच असते, घराण्यातनं आलेला लिंच सिंड्रोम नावाचा प्रकार आहे का याचा अंदाज त्यातनं येतो, आणि काही वेळा औषधही त्यावरनं बदलतं. गाठीच्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड दवाखान्यातच पडून ठेवू नकोस, मागून घे, मुंबईला टाटाला दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतील. (महालक्ष्मी एक्सप्रेसनं जा, कॅन्सर पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर आणि थर्ड एसी फुकट असतं, दवाखान्याचा फॉर्म तेवढा भरून घे. महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्राला गाठ, तो दवाखान्यातच बसतो.) आणि धाकट्या भावाला सांग. सख्ख्या भावंडांनी चाळिशीला, नाहीतर तुझ्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करायची असते. तुला २९ ला निघाला, म्हणजे त्याचं वय १९ धरायचं, आणि तो आत्ताच २४ चा आहे. लाजतो तो, माहितीय मला, कान धरून ने.

तुला पोटावर संडासची पिशवी लागली नाही, नशीब. माझ्याकडं चार महिने होती. एका पंगतीत ती गळायला लागली, आणि मी मठ्ठा सांडला म्हणून उठलो. पुढं शिकलो, तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, पंगतीची वाट बघायची नाही.

झाडपाल्यावाला, गोमूत्रवाला, सगळे येतील. चहा पाजून पाठवून दे. केमोत असताना डॉक्टरांना न विचारता काय पोटात घेऊ नकोस, आयुर्वेदिक असलं तरी.

तुला केमोत ऑक्सॅलिप्लाटिन हे औषध लिहिलंय ना, तर गार गोष्टीपासून लांब. पहिल्या सलाइननंतर मी फ्रिजमधनं दुधाची पिशवी काढली आणि बोटांत करंटच बसला, पिशवी फरशीवर. माठातलं पाणी घशाला काचेसारखं लागलं. आईला काय कळलं देव जाणे, तिनं त्याच रात्री फ्रिजच्या दांडीला माझा जुना लोकरी मोजा शिवून टाकला. हातापायाला येणाऱ्या मुंग्या वाढत गेल्या तर लपवू नकोस, डोस कमी करता येतो. मी तेही लपवलं, मग वर्षभर शर्टाची बटणं बायकोनं लावली आणि हळकुंड हातात घेतलं तरी बोटांना कळायचं नाही.

रविवारी संध्याकाळी येतो. तुझ्या फ्रिजची दांडी केवढी आहे ते मोजून सांग, आई विचारतीय.

तुझा दादा