सहावी ते आठवीच्या मुलांशी वाचनगटातून भेदभाव, गरिबी अशा विषयांवर कसं बोलावं?

पुस्तक मुलांना निवडू द्या, ही माझी पहिली अट. 4-5 कादंबऱ्यांची ओळख करून द्या आणि आवडीनुसार छोटे गट पाडा.

चर्चा विषयापासून नको, पात्रापासून सुरू करा. 'भेदभाव वाईट का?' विचारलं की पाठ केलेली उत्तरं येतात. 'तो वर्गात गप्प का बसला? त्याच्या बाजूने कोण बोलू शकलं असतं?' विचारलं की मुलं पानं उलटून पुरावे शोधतात, वादही घालतात. घालू द्या, लगेच निकाल देऊ नका.

मात्र एखाद्याच्या घरची परिस्थिती गोष्टीतल्यासारखी असेल, तर 'तू सांग' म्हणून त्याला कधीही पुढे करू नका. मला ते फार क्रूर वाटतं. त्याऐवजी सगळ्यांनाच 5 मिनिटं वहीत लिहू द्या. वाचून दाखवायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.