ईयोबाचा देव

प्रश्न : बायबलमधला देव प्रलय आणतो, इजिप्तमधल्या घराघरातलं थोरलं मूल मारतो. तरी त्याला दयाळू म्हणतात. तो चांगला की दुष्ट?
– एक वाचक, मिरज

उत्तर : हाच प्रश्न काळ्या समुद्राकाठच्या मार्कियन या ख्रिस्ती विचारवंतालाही पडला होता. त्याने दोन देव करून टाकले : जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातला, कठोर देव वेगळा, येशूचा प्रेमळ पिता वेगळा. इ.स. 144च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढलं. मलाही ही तोड फार सोयीची वाटते. अडचणीचा देव शेजाऱ्याचा, बरा तेवढा आपला!

त्यापेक्षा त्याच जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक वाचा. सैतानाने आव्हान दिलं म्हणून देव या सज्जनाची दहा मुलं, गुरंढोरं, तब्येत सगळं जाऊ देतो. मित्र सांत्वनाला येतात आणि सुनावतात, तुझंच काही पाप असणार. (आपल्याकडचे ‘मागच्या जन्मीचं’वाले आठवले ना?) ईयोब मात्र थेट देवालाच जाब विचारतो. देव वावटळीतून बोलतो, पण कारण देत नाही. समुद्र, रानगाढव, गरुड यांच्याबद्दल उलटे प्रश्न करतो. आणि शेवटी रागावतो कुणावर? देवाचीच बाजू घेणाऱ्या त्या मित्रांवर! खरं बोलला तो ईयोब, असा निवाडा देतो.

म्हणून मी या देवाला दुष्ट म्हणणार नाही. पण शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुलं होतात आणि हिशेब मिटतो, तिथे माझं त्याच्याशी जमत नाही. पहिल्या दहांचं काय?