चार किलोच्या पॉमेरेनियनला पौष्टिक म्हणून काय खायला द्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुमची पॉम दोन वर्षांची आहे, नसबंदी झालेली, वजन चार किलो. विकतचं डॉग फूड हुंगून निघून जाते, वरणभात-पोळी मात्र मिटक्या मारत खाते. घर शाकाहारी, पण अंडं चालतं. मी डॉक्टर नाही. आमच्याकडे चिंगी नावाची नऊ वर्षांची स्पिट्झ आहे आणि तिच्या खाण्यापिण्यात करता येतील तेवढ्या चुका आमच्या करून झाल्या आहेत. त्या भांडवलावर सांगतो.

आधी किती ते बघा, मग काय ते.

चिंगी साडेपाच किलोची होती, ती पाचव्या वर्षी आठ किलोवर गेली. जिना चढली की खोकायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसभरात काय काय खाते? आम्ही छातीठोकपणे म्हणालो, दोन वेळचं मोजून, बाकी काही नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, उद्या एक करा. घरातल्या कुणीही तिला काहीही दिलं, की तेवढंच एका डब्यात टाका.

रात्री डबा उघडला. सात ग्लुकोज बिस्किटं, तुपाचं बोट फिरवलेली दीड पोळी, चमचाभर साय, अर्धा पेढा. (पेढा कुणी दिला हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.) एका बिस्किटात 20-25 कॅलरी धरल्या, पोळीच्या शंभरेक, की एकूण 350 च्या पुढे जातं. तिच्या मूळ वजनाच्या, नसबंदी झालेल्या कुत्रीला अख्ख्या दिवसाला लागतात 350 ते 400. म्हणजे बाईसाहेब रोज दोन दिवसांचं जेवत होत्या.

तुमच्या चार किलोच्या पोरीला साधारण 280 ते 320 पुरतात. एक पोळी म्हणजे तिच्या दिवसाचा तिसरा हिस्सा झाला. पॉमच्या केसांत वजन लपतं, म्हणून नजरेवर जाऊ नका. बरगड्यांवरून हात फिरवा; न दाबता त्या बोटांना लागल्या पाहिजेत.

आता वरणभात. तो वाईट नाही. माणसाजवळ राहून कुत्र्याला पिठूळ अन्न पचायला लागलं. लांडग्यापेक्षा त्याच्यात त्यासाठीच्या जनुकाच्या प्रती बऱ्याच जास्त असतात, असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं. अडचण अशी की नुसत्या वरणभातात प्रथिनं कमी पडतात आणि कॅल्शियम, झिंक, ड जीवनसत्त्व तर फारच कमी. शिवाय आपलं वरण ताटात येईपर्यंत आमटी झालेलं असतं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, कच्चा असो की शिजलेला. चिंचही नको. द्राक्षं, मनुका, बेदाणे तर अजिबात नाहीत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात; प्रसादाच्या शिऱ्यातून ते पोटात जातात हे लक्षात येत नाही. चॉकलेट नको हे बहुतेकांना माहीत असतं. तेव्हा तिचं वरण फोडणीच्या आधीच काढून ठेवा, मीठही घालायच्या आधी.

मी तुमच्या जागी असतो तर सकाळी 40 ग्रॅम ड्राय फूड दिलं असतं. किचनच्या काट्यावर मोजून, वाटीच्या अंदाजाने नाही. पाकिटावर ‘कम्प्लीट’ लिहिलेलं हवं. ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर ते पूर्ण जेवण नव्हे. संध्याकाळी एक उकडलेलं अंडं, दोन-तीन चमचे मऊ भात, तेवढंच घट्ट मुगाचं वरण आणि उकडलेला लाल भोपळा. कधी अंड्याऐवजी पनीर किंवा दही. दूध टाळा, वयाने मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना ते बाधतं. तूप-साय मात्र खरंच बंद करा. तुपकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येते आणि छोट्या जातींना हा त्रास जास्त होतो. पूर्णपणे घरचंच द्यायचं ठरवलंत तर कॅल्शियम आणि बाकीची पूरकं डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने नको.

हुंगून निघून जाते त्याचं काय? कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा, वास सुटतो. घरचं खाणं हळूहळू कमी करत, आठवडाभरात नवीन बेतावर आणा. वाटी पंधरा-वीस मिनिटं ठेवायची आणि शांतपणे उचलायची, मध्ये काही द्यायचं नाही. चिंगीने दीड दिवस सत्याग्रह केला, मग खाल्लं. पण हा उपाय धडधाकट मोठ्या कुत्रीसाठी. दोन-तीन महिन्यांच्या पॉमच्या पिल्लाला असं उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर घसरून ते गळाठतं. पिल्लाला दिवसातून चार वेळा द्यावं लागतं. आणि तुमची एरवी चांगली खाणारी कुत्री वरणभातही नाकारू लागली तर ते नखरे समजू नका, दवाखाना गाठा.

राहता राहिली वरखाऊ सवय. ती आमच्याकडून सुटली नाही, सुटणारही नव्हती, कारण सासूबाईंना चहाच्या वेळी तिला काही दिल्याशिवाय चैन पडत नाही. बिस्किटांचा स्टीलचा डबा रिकामा केला आणि त्यात गाजराच्या चकत्या भरून तो फ्रीजमध्ये ठेवला. झाकणाचा आवाज तोच आहे, त्यामुळे चिंगीची अजून तरी तक्रार नाही.