अक्कांना दिसतं, मला दिसत नाही

पत्र (थोडं छोटं करून देतेय): "मावशी, मी इंदूरचीच, सुदामा नगर. माझ्या मोठ्या नणंदेला आम्ही सगळे अक्का म्हणतो, वय ५८. मागच्या मार्गशीर्षात त्यांचे यजमान गेले. तेव्हापासून त्या पहाटे चारला उठून जपाला बसतात. दोनेक महिन्यांनी मला एकटीला म्हणाल्या की प्रकाश दिसतो, चाफ्याचा वास येतो, मागे कोणी उभं आहे असं वाटतं. मी ऐकून घेतलं. मग ते सगळीकडे झालं, आता दर गुरुवारी पंधरा-वीस जण आरतीला येतात आणि आरती झाली की अक्का 'महाराजांनी आज असं सांगितलं' म्हणून सांगतात. माझी मुलगी २५ ची, पुण्यात नोकरीला, तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं म्हणते. आम्हाला मुलगा बरा वाटला. अक्कांनी सगळ्यांसमोर सांगितलं, महाराजांची आज्ञा आहे, हे स्थळ नको. माझ्या तोंडून निघून गेलं, 'अक्का, मुलगी माझी आहे, मग महाराज मला का नाही सांगत?' त्या उठून आत गेल्या. तीन आठवडे झाले, माझा फोन उचलत नाहीत. हे म्हणतात जाऊन पाया पड आणि माझा विश्वास आहे म्हण. मावशी, माझा नाहीये. खोटं बोलू का? भाचा म्हणत होता त्या शुगरच्या गोळ्याही धड घेत नाहीत."

अगं, आधी खरं सांगते, तुझं ते वाक्य वाचून मी चहा सांडला. मुलगी माझी आहे मग महाराज मला का नाही सांगत! इतका सरळ प्रश्न त्या खोलीत कोणाला सुचला नाही याचंच नवल वाटतं. पण तोच प्रश्न आरतीच्या ताटासमोर, पंधरा माणसांत, दीड वर्षही न झालेल्या विधवा बाईला विचारलास, तिथे मात्र चुकलीस. प्रश्नाची माफी मागू नकोस, जागेची माग. हे दोन वेगळे आहेत आणि नवऱ्याला ते नीट समजावून सांग, कारण तो दोन्ही एकत्र करून तुझ्या गळ्यात घालतोय.

विश्वास आहे असं खोटं अजिबात बोलू नकोस. आज "हो अक्का, विश्वास आहे" म्हणशील, आणि पुढच्या गुरुवारी आज्ञा येईल की घर विका, मग काय करशील?

आता तुझ्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. अक्कांचा अनुभव एकतर खरा नाहीतर ढोंग, असं तू धरून चाललीयेस. तुझे हे पण तसंच धरतायत, म्हणून तर म्हणतात विश्वास आहे म्हण, कारण नाही म्हणालीस तर बहिणीला खोटारडी म्हटल्यासारखं होतं. मला नाही वाटत त्या ढोंग करतायत. जी बाई आधी दोन महिने गप्प बसते आणि मग एकट्या भावजयीला हळूच सांगते, तिला ढोंग करायचं नव्हतं. प्रामाणिकपणे सांगणारी माणसं पण चुकतात गं, आपण सगळेच चुकतो.

तुला १९९५ चा गणपती आठवतो का? २१ सप्टेंबर, गुरुवारच होता. मी तेव्हा रामबागेत राहायची. सकाळी शेजारच्या काकू धापा टाकत आल्या, चल चल गणपती दूध पितोय, आणि आम्ही वाट्या घेऊन गल्लीतल्या देवळात. लाइन ही एवढी. माझा नंबर आला, मी चमचा सोंडेला लावला आणि दूध खरंच कमी झालं, डोळ्यांनी बघितलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी. मी पण क्षणभर हात जोडले, लपवत नाही. पण मला आधीपासून खोड आहे वाकून बघायची, तर खाली बघितलं आणि मूर्तीच्या पायापाशी दूध साचलेलं, तिथून ओघळ होऊन मोरीकडे चाललेलं. नंतर दिल्लीत सरकारी वैज्ञानिकांनी दुधात रंग घालून दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, मी बघितलं ना पिताना. आता काकू खोटं बोलत होत्या का? अजिबात नाही. चमच्यातलं दूध कमी झालं हे त्यांनी बघितलंच होतं. ते कुठे गेलं तेवढं बघितलं नव्हतं.

अक्कांचंही तसंच आहे. प्रकाश दिसला, वास आला, मागे कोणी आहे असं वाटलं, इथपर्यंत त्या सांगतील ते मान, आपण त्यांच्या डोक्यात बसलेलो नाही. ते महाराजच होते, हे अक्कांनी नंतर लावलं. आणि महाराजांना पुण्याच्या मुलाबद्दल मत आहे हे तर फारच नंतर.

स्वतःचं एक सांगते, हे मी घरात पण फारसं बोललेली नाही. माझे वडील रात्री जेवणानंतर सुपारी कातरायचे, पितळी अडकित्ता होता. ते गेल्यावर साताठ महिन्यांत तीन वेळा रात्री मी तो आवाज ऐकला. कट्, थोडा वेळ काही नाही, परत कट्. स्वयंपाकघराच्या बाजूने. एकदा उठून लाइट लावून बघितलं, अडकित्ता फडताळात, जिथल्या तिथे. मी बँकेत नोकरी केलेली बाई, आयुष्यभर हिशोब लावले, आणि या आवाजाचा मला लागला नाही. पुढे कधीतरी वाचनात आलं की वेल्समधल्या डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी जोडीदार गेलेल्या २९३ जणांना विचारून १९७१ मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यात जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितलं की गेलेलं माणूस आसपास असल्यासारखं वाटतं, कोणाला आवाज ऐकू येतो, कोणाला चक्क दिसतं. बहुतेकांना त्याचा आधारच वाटत होता. आणि असं वाटणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी त्याआधी हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं! म्हणजे मी एकटी नव्हते. वेडी पण नव्हते. पण मी त्या आवाजाला कधी विचारलं नाही की एफडी मोडू की ठेवू.

म्हणून मला एक शंका येते, शंकाच आहे, चुकत असेन. चाफा कोणाला आवडायचा गं त्या घरात? मागे उभं राहायची सवय कोणाची? अक्कांचे यजमान गेले, तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि नंतर त्यांचं नाव किती जणांनी काढलं असेल? विधवा बाई म्हणाली "हे आल्यासारखं वाटतं" तर लोक म्हणतात अहो सावरा आता. तीच बाई म्हणाली महाराज आले, तर वीस माणसं सतरंजीवर बसून ऐकतात. मी अक्कांच्या जागी असते तर मला पण महाराजच आले असते कदाचित.

पण याचा अर्थ आज्ञा ऐकायची असा नाही. अनुभव ज्याला आला त्याच्यापुरता. तो अनुभव दुसऱ्याच्या पोरीचं लग्न, दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याची औषधं यांत घुसला की मग त्याला बाकीच्या सल्ल्यांसारखंच तपासायचं, त्याला वेगळी सूट नाही. कोणी म्हणेल ही नास्तिकांची भाषा, तर त्यांना गोरोबाकाका आठवून दे. संतमंडळी जमलीयेत, मुक्ताबाई विचारते थापटणं कशाला असतं, गोरोबा म्हणतात मडकं कच्चं की पक्कं ते कळायला, आणि मग एकेकाच्या डोक्यावर थापटी मारत सुटतात. कच्चं मडकं कोण निघालं? नामदेव! ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठल जेवला, ज्याच्याशी विठ्ठल रोज बोलायचा असं म्हणतात, तो. आणि कोणी म्हणालं नाही की अरे याच्याशी देव बोलतो, याला सोडा. उलट जा म्हणाले, गुरू कर, आणि मग तो विसोबा खेचरांकडे गेला. आपल्याकडे देव दिसणाऱ्याच्या डोक्यावर पण थापटी बसते, ही आपलीच गोष्ट आहे, बाहेरून आणलेली नाही.

आता जायचं कसं ते सांगते. गुरुवार सोडून जा, दुपारी तीन-साडेतीनला, एकटी. ह्यांना नेऊ नकोस, ते मध्ये मध्ये बोलणार. गेल्यावर पहिलं वाक्य, "अक्का, सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं, तुम्हाला लागलं, माफ करा." नमस्कार करायचा तर कर, मोठ्या नणंदेला वाकून नमस्कार करण्यात कसला आलाय विश्वास-अविश्वास. मग पुरावा-बिरावा काढू नकोस. विचार की वास कधी येतो, बसल्याबसल्या की जप संपताना, भीती वाटते का बरं वाटतं. त्यांच्या यजमानांचा विषय काढ, काहीतरी आठवण असेलच तुझ्याकडे, ती सांग. रडल्या तर रडू दे.

लग्नाचं त्यांनी काढलं तर एवढंच विचार: "अक्का, महाराज काय म्हणाले ते राहू दे, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" आणि मग तोंड बंद ठेव. कधीकधी आज्ञेच्या मागे साधं काहीतरी असतं, मुलगा परजातीचा असेल, किंवा भाची पुण्यालाच राहील, अजून एक माणूस इंदूरहून जाईल, किंवा त्यांना खरंच त्या घराबद्दल काही कळलं असेल. कळलं असेल तर ऐकून घे बाई, आत्याचं म्हणून. बाकी मुलाची चौकशी नोकरी, व्यसन, कर्ज, घरची माणसं अशी रीतसर करा, आणि मुलगी २५ ची आहे, शेवटी ठरवायचं तिनेच आहे.

गोळ्यांचं मात्र थांबू नकोस, सगळ्या पत्रात मला खरी काळजी तीच आहे. भाच्याला घेऊन त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे न्या, शुगर तपासायला म्हणून न्या, साक्षात्कार तपासायला म्हणून नाही. कधी गोळी सोडायची, कधी गोळी घेऊन उपास करायचा, त्यात पहाटे चारला उपाशीपोटी बसायचं, यात शुगर चढते पण आणि एकदम खाली पण येते. खाली आली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे काहीतरी चमकणं, गोंधळल्यासारखं होणं, सगळं होतं. प्रकाश आणि वास डॉक्टरांना सांगायचाच, लाजायचं नाही, कारण नसलेला वास येणं कधीकधी मेंदूशी पण संबंधित असतं. बोलता बोलता मिनिटभर कुठेतरी हरवून जाणं, ओठ चघळल्यासारखे करणं आणि नंतर काहीच न आठवणं, असं कोणी बघितलं असेल तर न्यूरोलॉजिस्ट. आणि तो आवाज कधी घाबरवायला लागला, खाऊ नको, जीव दे असलं काही म्हणायला लागला, तर त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट, गुरुवारची वाट बघायची नाही. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणून मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे.

याने अक्का एका भेटीत बदलतील असं मी म्हणत नाहीये. आरती चालू राहील, माणसं येत राहतील, तू पण गेलीस तर बिघडत नाही, आरती म्हण, प्रसाद घे, आणि आरतीनंतरचं सुरू झालं की चपला घालून निघून ये. महिनाभर असं केलंस की सगळ्यांना कळेल तू कुठपर्यंत आहेस, बोलून दाखवायला लागणार नाही.

आणि जाताना हात हलवत जायचं नाही म्हणून कोपऱ्यावरून जलेबी बांधून नेशील, आपल्या इंदुरी लोकांचा काही भरवसा नाही. पोहे ने, शेव वेगळी ने, आणि जलेबी घरी ठेव.