गोल टोकांचा फॉन्ट घेऊ का?

प्रश्न: लहान मुलांच्या गोष्टींचं पुस्तक करतेय, सगळा मजकूर गोलगोल टोकांच्या फॉन्टमध्ये लावला तर चालेल का? दिसायला फार गोड वाटतो हो.

उत्तर: शीर्षकाला बिनधास्त लावा, पण सगळा मजकूर नको, कारण त्या फॉन्टची सगळी गंमत रेघेच्या टोकात असते आणि अक्षर बारीक केलं की ती गोलाई दिसतच नाही, टोकं नुसती झिजल्यासारखी वाटतात. जाड वजनात (म्हणजे जाड रेघेच्या अक्षरात) आणि मोठ्या साइझला मात्र तोच फॉन्ट एकदम गुबगुबीत दिसतो. आणि टोकं गोल केली की झालं असंही नाही बरं का, गोल टोकाची रेघ डोळ्याला जरा आखूड भासते म्हणून डिझायनर ती किंचित लांब ठेवतो (नुसते कोपरे घासून केलेले फॉन्ट म्हणूनच बुटके दिसतात).

हा प्रकार फक्त पोरांसाठीच असतो असं समजू नका हं. व्हॅग राउंडेड हा 1979 चा फॉन्ट फोक्सवॅगनसाठी केलेला, आणि पुढे ॲपलच्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर बरीच वर्षं तोच होता.

देवनागरीत हवा असेल तर बलू बघा, फुकट आहे. छापायच्या आधी ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ टाइप करून एक प्रिंट काढाच, जाड फॉन्टमध्ये जोडाक्षरांच्या आतली मोकळी जागा पटकन बुजते.